भोरघाटाचे कागद व आमचें इंग्लंडशीं राहिलेलें देणेंघेणें

राज्य करणारा देश व ज्यावर राज्य झालें तो देश यांचा संबंध सत्ता बदलल्याबरोबर तुटत नाहीं. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं आपल्या देशांतील इंग्रजी अंमल संपला. २८ एप्रिल १९४९ च्या लंडन येथील जाहीरनाम्यानें प्रजासत्ताक होऊनहि राष्ट्रकुलांत राहण्याची सोय झाली, आणि २६ जानेवारी १९५० रोजीं प्रजासत्ताक स्थापन झालें. राजकीय हिशेब याप्रमाणें मिटला. परंतु इतिहाससंशोधकाच्या दृष्टीनें एक खातें अद्याप उघडें आहे, व तें कागदांचें होय. ज्या दोघांचा व्यवहार दीडदोनशें वर्षें चालला, त्या व्यवहाराचे कागद कोणापाशीं किती राहिले, कोणाचे नष्ट झाले, आणि उरलेल्यांवर हक्क कोणाचा, हे प्रश्न सत्तांतराच्या कायद्यानें सुटलेले नाहींत. सबंध देशाचा प्रश्न न घेतां तो रायगड जिल्ह्यांतील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांपुरताच घेऊन तपासावा, असें आम्हीं प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. लहान क्षेत्र घेतल्यानें गोष्टी नीट दिसतात. शिवाय या दोन तालुक्यांच्या माथ्यावर भोरघाट आहे, आणि मुंबईकर इंग्रज व पुणें दरबार यांचा संबंध आरंभापासून याच घाटानें आलेला आहे.

या मुलखाचें महत्त्व वाटेमुळें आहे. राजमाचीच्या पायथ्याशीं कर्जताच्या बाजूस कोंडाण्याचीं लेणीं आणि घाट चढून गेल्यावर कार्लें व भाजें येथील लेणीं पाहिलीं म्हणजे बंदरांतून देशावर जाणारी ही वाहतूक किती जुनी आहे तें कळतें. खालापूर तालुक्यांतील उंबरखिंडींत १६६१ सालीं शिवाजी महाराजांनीं कारतलबखानाची फौज कोंडली, ती गोष्ट वाचकांस ठाऊकच आहे. खोपोलीचें महादेवाचें देऊळ व तळें नाना फडणिसांनीं बांधविलें, तें घाट चढणाऱ्या व उतरणाऱ्या वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागींच.

साधनें शोधणाऱ्यांसाठीं येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत मोडत होता. त्या सालीं तो कुलाबा जिल्ह्याकडे आला. आणि कुलाब्याचें रायगड हें नांव १ जानेवारी १९८१ पासून झालें. सबब या भागाची जुनी माहिती १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरांत शोधणारा रिक्त हस्तें परततो. ती १८८२ च्या ठाणें गॅझेटियरांत आहे. जुन्या जमाबंदीच्या व मुलकी कागदांचाहि माग ठाण्याच्या अनुरोधानेंच काढिला पाहिजे.

आतां इंग्रजांशीं आलेल्या संबंधाचे प्रसंग कालानुक्रमानें पाहूं. पहिला प्रसंग १७७८-७९ चा. रघुनाथरावास पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठीं मुंबईकरांनीं सुमारें ३,९०० लोकांची फौज पाठविली. पनवेलीवरून येणाऱ्या या फौजेच्या आघाडीवरील कॅप्टन जेम्स स्टुअर्ट यानें नोव्हेंबर १७७८ च्या अखेरीस भोरघाट हस्तगत केला. मागून येणारी मुख्य फौज मात्र तोफा व सामान ओढीत फारच सावकाश चालली. कर्नल इगर्टन व जॉन कार्नाक यांच्या कमिटीनें वेळ दवडला. तेवढ्यांत मराठ्यांची जमवाजमव पुरी झाली. ४ जानेवारी १७७९ रोजीं स्टुअर्ट कार्ल्यानजीक पडला, आणि त्याच महिन्यांत तळेगांवाहून माघार घेत असतां वेढल्या गेलेल्या इंग्रजांस वडगांवचा करार लिहून द्यावा लागला. तो करार मुंबईकरांनीं व कलकत्तेकरांनीं पुढें नाकारला, हें प्रसिद्धच आहे.

दुसऱ्या वेळीं, १७८१ च्या आरंभीं, जनरल गॉडर्ड यानें वसई घेतल्यावर पुन्हां भोरघाट गांठला. घाटमाथ्यावर खंडाळ्यास त्याचें ठाणें व पायथ्याशीं खोपोलीस छावणी होती. नानांशीं तहाचें बोलणें लावून धाक दाखवावा असा त्याचा बेत होता. नाना बधले नाहींत. हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांनीं कोंकणांत उतरून त्याची रसद तोडली, आणि एप्रिल १७८१ मध्यें खोपोलीहून पनवेलीस परततांना गॉडर्डाचे चारशेंहून अधिक लोक मारले गेले वा जखमी झाले. पुढील वर्षीं सालबाईचा तह झाला.

या दोन स्वाऱ्यांविषयीं संशोधकाची स्थिति समाधानकारक आहे, कारण दोन्ही पक्षांचे कागद आहेत. मुंबई सरकारच्या दफ्तरांतील पत्रें व कमिटीचे कागद जॉर्ज फॉरेस्ट यानें १८८५ सालीं मराठा मालेंत छापले. इकडे वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दफ्तरांतून निवडून ऐतिहासिक लेखसंग्रहांत जीं पत्रें दिलीं, त्यांत हाच काळ मराठ्यांच्या छावणींतून दिसतो. एकाच दिवसाच्या हकीकती समोरासमोर ठेवून कोणाची फुशारकी किती व कोणाची खबर खरी किती, हें ताडून पाहतां येतें. इतिहास लिहिण्यास याहून बरी सामग्री कोणती असावी ? या काळच्या इतिहासांत जित व जेता असा भेदच उत्पन्न झालेला नव्हता. दोघेहि लिहीत होते, व दोघांचेंहि लिहिलेलें राहिलें.

तिसरा प्रसंग रेल्वेचा, आणि तेथें चित्र पालटतें. १८१८ नंतर घाट निवेधपणें इंग्रजांचा झाला. १८०४ च्या सुमारास वेलस्लीनें तोफा जाण्याजोगी केलेली वाट पुढें सुधारून १० नोव्हेंबर १८३० रोजीं गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें गाडीरस्ता खुला केला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८५६ सालीं पळसदरीवरून खोपोलीस पोंचली, व खंडाळ्याहून पुण्यास जाणारी गाडी १८५८ सालीं सुरू झाली. मधला घाट पुरा होईपर्यंत उतारू पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून चढत. घाटांतील लोहमार्गाचें काम १८५६ पासून सात वर्षें चाललें, आणि २१ एप्रिल १८६३ रोजीं सर बार्टल फ्रिअर यानें तो समारंभपूर्वक उघडला. लांबी पावणेसोळा मैल, चढ १,८३१ फूट, बोगदे २५, मोठे पूल ८, व सर्वांत अवघड चढ ३७ फुटांस एक फूट, असें हें काम होतें. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. त्यानें १८५९ सालीं काम सोडल्यावर सॉलोमन ट्रेडवेल आला, तो थोड्याच दिवसांत वारला, व कंत्राट त्याची पत्नी ॲलिस हिनें आपल्या माणसांकरवीं तडीस नेलें. १८६१ सालीं कामावर ४२,००० पर्यंत माणसें होतीं.

वरील परिच्छेद वाचणाऱ्याच्या लक्षांत एक गोष्ट आलीच असेल. त्यांत गव्हर्नर, अभियंता, कंत्राटदार व कंत्राटदाराची पत्नी यांचीं नांवें आहेत. बेचाळीस हजारांची मात्र केवळ संख्या आहे. हा दोष आमच्या निवडीचा नसून साधनांचा आहे. बर्कलीनें १८६० सालीं लंडनच्या अभियंत्यांपुढें या रेल्वेचें जें वर्णन वाचलें त्याचा, व कंपनीच्या अहवालांचा, घाट हाच आहे. ज्यांनीं सुरुंगाचे खडक फोडले ते लिहिणारे नव्हते, व लिहिणाऱ्यांस त्यांचीं नांवें नोंदण्याचें कारण नव्हतें. अपवाद एकच, व तो तंट्याचा. जानेवारी १८५९ मध्यें मजुरीच्या तक्रारीवरून मजूर व गोरे मुकादम यांच्यांत दंगा झाला आणि सरकारास चौकशी करावी लागली. रेल्वे, कालवे इत्यादि कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटांनीं तोडावे असा कायदाहि १८६० सालीं झाला. इतिहासाच्या कामाला शांततेच्या अहवालापेक्षां अशा चौकशीचा कागद पुष्कळदां अधिक उपयोगी पडतो, कारण तेथें तरी गरिबास विचारलें जातें.

जेथें कागद एकाच पक्षाचे असतात तेथें दुसरा पक्ष दंतकथेनें बोलतो. भोरघाटांत जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावर शिंग्रोबाचें देऊळ आहे. कथा अशी कीं, इंग्रज अभियंत्यास घाटांतून मार्ग सांपडेना. तेव्हां शिंग्रोबा नांवाच्या धनगरानें तो दाखविला. बक्षीस काय पाहिजे असें विचारतां त्यानें देशाचें स्वातंत्र्य मागितलें, व साहेबानें त्यास गोळी घातली. रस्त्यानें जाणारे गाडीवान येथें पैसा टाकून पुढें जातात. या कथेची छाननी आम्ही करतों ती भाविकांचें मन दुखविण्यासाठीं नव्हे. घाटाची वाट इंग्रजांस ठाऊक नव्हती हें म्हणणें टिकत नाहीं; स्टुअर्ट तिनें १७७८ सालीं चढला होता व १८३० पासून गाडीरस्ता होता. सबब कथेंत तथ्य असेलच तर तें रस्त्यासंबंधीं नसून लोहमार्गाच्या आंखणीसंबंधीं असलें पाहिजे, कारण तिला सौम्य चढाची निराळी रेषा हवी होती, व डोंगराचा प्रत्येक कंगोरा गुरें चारणाऱ्यास जसा माहीत तसा मोजणीदारास नसतो. बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागणें ही भाषा मागाहूनच्या राष्ट्रीय चळवळीची दिसते. परंतु हीं दोन्ही पुटें काढून टाकिल्यावर जें उरतें तें टाकाऊ नाहीं. वाट आमच्या माणसानें दाखविली व त्याची नोंद झाली नाहीं, ही समजूत लोकांनीं देवळाच्या रूपानें जतन केली. बेचाळीस हजारांच्या वतीनें एका नांवाचें स्मारक झालें, असें आम्हांस वाटतें.

याच्या जोडीस वडगांवचें थडगें ठेवून पाहावें. चालून आलेला, व लढाईंत पडलेला स्टुअर्ट मराठ्यांच्या तोंडीं ‘इष्टुर फांकडा’ झाला, आणि शत्रूचा शिपाई असूनहि लोकांच्या आदरास पात्र ठरला. घाटाच्या एका अंगास परक्या वीराचा मान व दुसऱ्या अंगास आपल्या धनगराचें दुःख, अशीं हीं दोन स्मारकें आहेत. या दोन देशांचा संबंध केवळ वैराचा किंवा केवळ उपकाराचा होता असें म्हणणाऱ्यांनीं तीं दोन्ही पाहिलीं पाहिजेत.

माथेरानाचेंहि उदाहरण असेंच आहे. मे १८५० मध्यें ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा खालापूर भागांतील चौक गांवाहून डोंगर चढून गेला, व तेव्हांपासून त्यानें माथेरानाचा ‘शोध लाविला’ असें लिहिण्याचा प्रघात पडला. ज्या डोंगरास आधींच मराठी नांव होतें, जेथें धनगर, ठाकूर व कातकरी वावरत होते, त्याचा शोध लागणें म्हणजे तो इंग्रजी दफ्तरांत दाखल होणें, एवढाच अर्थ घ्यावयाचा. पुढें टोकांस लुइझा, अलेक्झांडर व तळ्यास शार्लट अशीं नांवें पडलीं. तरी रामबाग, गारबट व चौक हीं जुनीं नांवें त्यांच्या शेजारीं नांदत राहिलीं. नेरळहून वर जाणारी लहान रेल्वे १९०७ सालीं उघडली, ती आदमजी पीरभाई यांच्या घराण्याच्या भांडवलानें. इंग्रजी विश्रामस्थानाची वाट हिंदी पैशानें बांधली गेली, हीहि या संबंधाची एक बाजू होय.

चौथा प्रसंग १९४२ चा. खोपोली येथें टाटांचें जलविद्युत्केंद्र १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरवीत होतें. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्यानें वीज वाहून नेणारे मनोरे पाडून तो पुरवठा तोडण्याचा उद्योग आरंभिला. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत पोलिसांच्या गोळ्यांनीं भाई कोतवाल व हिराजी पाटील हे हुतात्मे झाले. या वेळेपर्यंत आपला पक्ष पुन्हां लिहिता झालेला होता. म्हणून सरकारी पोलिसी कागद एकीकडे व सहकाऱ्यांच्या आठवणी दुसरीकडे, असा दुहेरी पुरावा पुन्हां मिळूं लागतो. मुंबई सरकारनें १९५७ पासून स्वातंत्र्यलढ्याचीं साधनें आपल्या दफ्तरांतून छापण्यास प्रारंभ केला, त्याचाहि येथें उपयोग आहे.

याप्रमाणें पहिल्या व शेवटच्या प्रसंगीं दोन्ही बाजू बोलतात, आणि मधल्या शंभर-सव्वाशें वर्षांत बहुतेक एकच बाजू बोलते. त्या एका बाजूचे कागद कोठें आहेत ? कांहीं मुंबईच्या पुराभिलेखागारांत, ज्याची स्थापना १८२१ ची. कांहीं पुण्याच्या पेशवे दफ्तरांत. आणि फार मोठा भाग लंडन येथें. ईस्ट इंडिया कंपनी व इंडिया ऑफिस यांचें दफ्तर सुमारें चौदा किलोमीटर लांबीच्या फळ्या व्यापतें. १९४७ नंतर इंडिया ऑफिसच्या ग्रंथसंग्रहावर भारत व पाकिस्तान या दोघांनींहि हक्क सांगितला; पुष्कळ वर्षें लिहापढी होऊनहि निर्णय झाला नाहीं; आणि १९८२ सालीं तो संग्रह दफ्तरासह ब्रिटिश लायब्ररीच्या ताब्यांत गेला. तेथील मराठी हस्तलिखितांची ब्लूमहार्ट व कान्हेरे यांनीं केलेली यादी १९५० सालीं प्रसिद्ध झाली आहे, ती संग्राहकांनीं अवश्य पाहावी.

अशा वस्तु परत मिळविण्याच्या तीन रीती अलीकडे आपल्या राज्याच्या अनुभवास आल्या. पहिली मोल देऊन. नागपूरकर रघूजी भोसले यांची तरवार एप्रिल २०२५ मध्यें लंडनच्या लिलांवांत महाराष्ट्र सरकारनें ४७ लक्षांहून अधिक रुपये देऊन घेतली. दुसरी उसनवार. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें जुलै २०२४ मध्यें तीन वर्षांच्या करारानें साताऱ्यास आलीं. त्या संग्रहालयास १९८३ च्या इंग्रजी कायद्यानें वस्तु कायमची देऊन टाकण्याची बहुतेक मनाई आहे, म्हणून उसनी देण्यापलीकडे तें गेलें नाहीं. तीं वाघनखें साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे आलीं होतीं एवढें त्यांचें वृत्त निश्चित. तींच अफझलखानाच्या प्रसंगींचीं, हें सिद्ध झालेलें नाहीं. तिसरी रीत नकलेची. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारानें लंडनच्या दफ्तराच्या सूक्ष्मपटांवरील नकला मिळविल्या, व फोर्ट विल्यम आणि इंडिया हाउस यांचा पत्रव्यवहार १९४९ पासून खंडशः छापला.

तरवारीचा प्रश्न व कागदाचा प्रश्न एक नव्हे. तरवारीची नक्कल म्हणजे तरवार नव्हे; कागदाच्या चांगल्या नकलेंत मात्र मूळांतील बहुतेक सर्व ज्ञान उतरतें. यासाठीं आम्ही कागदांचे दोन वर्ग करतों. जे कागद कंपनीच्या नोकरांनीं कंपनीस लिहिले, ते जन्मतःच त्यांच्या दफ्तराचे होत; त्यांच्या नकला विनामूल्य व विनाअडथळा मिळाव्या एवढीच आपली मागणी न्याय्य आहे. जे कागद आपल्या दरबारांतून, किल्ल्यांतून वा घराण्यांतून लढाईनें अगर दडपणानें गेले, त्यांच्या बाबतींत मुळाची मागणी करणें योग्य. १९८३ च्या व्हिएन्ना येथील करारांत राज्यान्तराच्या वेळीं दफ्तराची वांटणी कशी व्हावी याचे नियम घातले आहेत, पण तो करार अंमलांत आलेला नाहीं. आणि १९७० चा युनेस्कोचा करार मागील काळास लागू नाहीं. म्हणून हें काम कायद्यापेक्षां पुराव्यानें व आग्रहानेंच व्हावयाचें. आग्रहाचा उपयोग होतो. केनियांतील मऊ मऊ बंडाच्या पीडितांनीं दावा लावला तेव्हां, २०११ सालीं, ३७ जुन्या वसाहतींतून गुपचूप नेलेल्या सुमारें ८,८०० फायली असल्याचें ब्रिटिश सरकारास कबूल करावें लागलें, व त्या खुल्या झाल्या.

परंतु दुसऱ्याकडे मागणी करणाऱ्यानें स्वतःचें घर पाहिलें पाहिजे. १८६० च्या सुमारास लंडनकरांनीं कंपनीचे पुष्कळ कागद रद्दीच्या भावानें काढून टाकिले, याबद्दल आपण त्यांस नांवें ठेवतों. इकडे काय झालें ? १९४९ मध्यें खोती, १९५० च्या कायद्यानें परगणे व कुळकर्णी वतनें, आणि १९६२ सालीं पाटिलकी गेली. हे कायदे कुळांच्या हिताचे होते यांत शंका नाहीं. पण वतन गेल्याबरोबर वतनाच्या कागदाचें मोल गेलें. ज्या रुमालावर घराण्याचा हक्क अवलंबून होता तो माळ्यावर गेला, मोडी वाचणारा घरांत उरला नाहीं, आणि वाडा पाडतांना रुमाल ओझें झाला. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग खालापुरांतून गेल्यापासून जमिनीचे भाव चढले व जुनीं घरें उतरलीं. एप्रिल २०२० मध्यें घाटांतील अमृतांजन पूल रहदारीच्या अडचणीमुळें पाडण्यांत आला. दगडाची ही गत, तर कागदास कोण पुसतो? लंडनचा कागद बांधलेला, क्रमांक घातलेला व कोरड्या खोलींत आहे; चौकचा, नेरळचा, खोपोलीचा कागद वाळवीच्या स्वाधीन आहे. तेथील कागद उद्यां मागितला तरी मिळेल. येथला कागद उद्यां असणार नाहीं. मधल्या शंभर वर्षांत आपली बाजू मुकी राहिली, ती थोडीबहुत बोलती करण्याचें सामर्थ्य या गांवगन्ना कागदांतच आहे. कोणाची जमीन लोहमार्गांत गेली, कोणता गांव बैल व वेठबिगार पुरवीत होता, कोणत्या सालीं पटकी आली, हें लिहिलें असेल तर कुळकर्ण्याच्या बाडांत; बर्कलीच्या निबंधांत नव्हे.

सबब आमच्या सूचना अशा. या दोन तालुक्यांतील गांवांची वांटणी करून घरोघरच्या दफ्तरांची यादी करावी. कागद मालकांपाशींच ठेवून त्यांचीं छायाचित्रें घ्यावीं, म्हणजे देणाऱ्यास संशय राहणार नाहीं. पंचाहत्तर वर्षांहून जुनीं महत्त्वाचीं हस्तलिखितें १९७२ च्या कायद्याच्या कक्षेंत येतात व खाजगी रीतीनें परदेशीं नेतां येत नाहींत, हें मालकांस व संग्राहकांस समजावून सांगावें. कर्जताचे १८९१ पूर्वींचे कागद ठाण्याच्या दफ्तरांतून व रेल्वेच्या दंग्याचे कागद मुंबईच्या दफ्तरांतून निवडून त्यांची सूचि छापावी. हें हातीं आल्यावर लंडनास मोघम मागणी न करतां अमुक बाडांतील अमुक पत्र, अशी नांवनिशीवार मागणी करावी. पेशवे दफ्तर १९३० नंतर सरदेसायांच्या हस्तें प्रसिद्ध झालें, व पाठोपाठ पुणें रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार सरदेसाई व सर यदुनाथ सरकार यांनीं छापविला. परक्या अंमलांतहि जें साधलें तें आज अवघड म्हणतां येणार नाहीं.

पूर्वीचा धनी व पूर्वीची प्रजा यांनीं आतां बरोबरीनें बसावयाचें असेल, तर दोघांचीं बाडें एका मेजावर उघडलीं पाहिजेत. आपलें बाड या पावसाळ्यांत भिजूं नये, एवढी काळजी ज्याच्या घरांत रुमाल आहे त्यानें आधीं घ्यावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे.